शाईचे पेन : किंमत कशाची आणि काम कशाचे?

काही वर्षांपूर्वी एका माध्यमिक शाळेत प्रयोगांच्या कार्यशाळेसाठी आम्ही गेलो होतो. मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा हातात शाईचे पेन घेऊन आला. "सर, हे लिहीतच नाही. या वर्षातलं हे तिसरं. बाबा म्हणतात, आता बॉलपेननंच लिही." पेन साधेच होते, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते तसले. मुलाचे अक्षर मात्र सुरेख. वर्गाच्या फळ्यावरचा सुविचार रोज तोच लिहितो, असे त्याच्या बाईंनी सांगितले. बॉलपेन त्याला नको होते आणि चौथे पेन घरी मागण्याची सोय नव्हती.

प्रयोगांच्या पेटीत दहापट मोठे दाखवणारे भिंग होते. ते आम्ही निबवर धरले. निबच्या टोकाच्या दोन पाकळ्या एका पातळीत नव्हत्या. डावी पाकळी उजवीच्या किंचित वर चढली होती. पेन कधीतरी टोकावर पडले असावे, किंवा लिहिताना जोर जास्त झाला असावा. खाली गेलेली पाकळी नखाने हळूहळू वर उचलली, भिंगातून पुन्हा पाहिले, पुन्हा थोडी उचलली. पाच मिनिटांत पेन लिहू लागले.

गोष्ट इथेच संपली असती तर आम्ही ती सांगितली नसती. त्याच वेळी आमच्या स्वतःच्या खिशात सोन्याच्या निबचे एक परदेशी पेन होते. त्याची किंमत त्या मुलाच्या पेनच्या शंभरपटीहून जास्त होती. ते पेनही नीट लिहीत नव्हते. शब्दाची पहिली रेघ अधूनमधून उमटतच नसे. घरी भिंग असूनही त्या निबवर ते कधी धरून पाहिले नव्हते, कारण एवढे महाग पेन बिघडलेले कसे असेल, अशी आमची समजूत! स्वस्त पेन बिघडले तर टाकून द्यायचे आणि महाग पेन बिघडले तर त्यावर आणखी महाग शाई आणून पाहायची, अशा दोन्ही वाटांनी पैसाच जातो. दोन्ही ठिकाणी कमी पडते ती एकच गोष्ट, पेन काम कसे करते याची माहिती.

शाईच्या पेनांचा छंद आज पुन्हा बराच दिसतो. शे-दोनशे रुपयांच्या पेनापासून लाखाच्या पुढच्या पेनांपर्यंत सर्व काही बाजारात आहे. हा छंद कमी खर्चात आणि पूर्ण आनंदाने करता येतो, असे आमचे म्हणणे आहे. त्यासाठी पेनच्या आत काय घडते ते आधी पाहू या.

उलट्या बाटलीतली शाई सांडत का नाही?

लिहिताना पेन म्हणजे तोंड खाली केलेली शाईची बाटलीच असते. तरी शाई भसकन सांडत नाही. का, हे समजण्यासाठी सरबताची एक नळी घ्या. ती पाण्यात बुडवा, वरचे तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि नळी बाहेर काढा. पाणी नळीतच राहील. बोट जरा सैल करा. हवा आत शिरेल आणि तेवढेच पाणी खाली पडेल. बोट पुन्हा दाबा, पाणी थांबेल.

पेन हेच करते. शाईची टाकी वरून बंद असते. शाई बाहेर जायची तर तिची जागा घ्यायला हवा आत आली पाहिजे. हे येणे-जाणे निबच्या खाली बसवलेल्या काळ्या तुकड्यातून होते. त्याला कोणी जीभ म्हणतात, कोणी फीडर. त्यावर एक खाच असते आणि तिच्या तळाशी आणखी बारीक चिरा असतात. बारीक चिरांतून शाई उतरते, रुंद खाचेतून हवा वर चढते. म्हणजे नळीवरचे बोट प्रत्येक अक्षराला केसभर सैल करण्याचे काम ही जीभ करते. लुईस वॉटरमन यांना १८८४ साली अमेरिकेत ज्या पेनचे पेटंट मिळाले, त्यातली महत्त्वाची सुधारणा हीच होती. त्याआधीही शाई पोटात ठेवणारी पेने होती; रुमानियन संशोधक पेत्राके पोएनारू यांनी १८२७ साली फ्रान्समध्ये अशा पेनचे पेटंट घेतले होते. पण हवा आणि शाई यांची अदलाबदल बेताने करणे हा प्रश्न वॉटरमन यांच्या जिभेने व्यवहारात सोडवला.

फटीचे गणित

जिभेपासून कागदापर्यंतचा शेवटचा प्रवास निबच्या मधल्या फटीतून होतो. येथे काम करते ते केशाकर्षण, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढवणारा तोच गुणधर्म. दोन समांतर भिंतींमधल्या अरुंद फटीत द्रव किती उंच चढू शकेल हे काढण्याचे सूत्र सोपे आहे (द्रव भिंतींना पूर्ण भिजवतो असे धरून) :

उंची = (२ × पृष्ठताण) ÷ (घनता × गुरुत्वत्वरण × फटीची रुंदी)

शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.०७२ न्यूटन प्रति मीटर असतो. शाईत मिसळलेल्या पदार्थांमुळे तो कमी होतो, आपण ०.०५ धरू. फटीची रुंदी ०.०५ मिलिमीटर, म्हणजे बारीक केसाएवढी घेऊ. घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि गुरुत्वत्वरण ९.८. आकडे घातले की उत्तर येते ०.२० मीटर, म्हणजे २० सेंटिमीटर! पेनची सगळी लांबीसुद्धा एवढी नसते. म्हणूनच फटीत भरलेली शाई आपल्या वजनाने गळत नाही. हेच गणित ३ मिलिमीटर त्रिज्येच्या टाकीच्या नळीसाठी केले (तेथे सूत्रात रुंदीच्या जागी त्रिज्या येते) तर उत्तर साडेतीन मिलिमीटरही येत नाही. शाई धरून ठेवणे टाकीच्या आवाक्यातले काम नाही. ते फट आणि जीभ मिळून करतात.

सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. चांगल्या निबची फट वरच्या भोकाकडे थोडी रुंद आणि टोकाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे शाई आपोआप टोकाकडे ओढली जाते. फट उलटी, म्हणजे टोकाशी फाकलेली असेल तर शाई मागेच थांबते आणि टोक कोरडे पडते. पेनवर खूप जोर देऊन लिहिणाऱ्यांच्या निबचे असेच होते. पेन 'वठणीवर आणण्यासाठी' फटीत दाढीचे ब्लेड घालणारेही हीच हानी करतात.

टोक कागदाला टेकले की तिसरी ओढ सुरू होते. कागद म्हणजे तंतूंचे जाळे. त्यातल्या बारीक पोकळ्या शाई ओढून घेतात. पेन उचलले की शाईचा धागा तुटतो आणि फट उरलेली शाई धरून ठेवते. टाकी, फट आणि कागद यांच्या ओढाताणीत समतोल साधला की पेन चांगले लिहिते. या समतोलात पेनच्या किमतीचा कुठे संबंध येतो का? फट सरळ आणि पाकळ्या समपातळीत असण्यापुरता येतो. तेवढे साधे पोलादी निबही देऊ शकते.

मुंबईचे पेन पुण्यात का गळते?

पूर्वीच्या लोकांची तक्रार असे की मुंबईहून निघताना ठीक असलेले पेन पुण्याला पोचेपर्यंत सदऱ्याच्या खिशाला डाग पाडते. ही तक्रार खरी असण्याला कारण आहे. ड्रॉपरने शाई भरण्याचे एक पेन घ्या. त्याच्या टाकीत ३ मिलिलिटर शाई मावते असे धरू. शाई पाऊण मिलिलिटर उरली असेल तर उरलेल्या सव्वादोन मिलिलिटर जागेत हवा असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण साडेसहा टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे पेनमधली हवा सुमारे ७ टक्क्यांनी फुगते. सव्वादोन मिलिलिटरचे ७ टक्के म्हणजे जवळजवळ ०.१६ मिलिलिटर. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला तर तीन थेंब शाई बाहेर ढकलली जाते!

हाताच्या उबेचेही तसेच. पेनमधली हवा २७ अंशांवरून ३६ अंशांवर गेली तर निरपेक्ष तापमान ३०० वरून ३०९ होते, म्हणजे हवा ३ टक्क्यांनी फुगते. सव्वादोन मिलिलिटर हवेत याचा अर्थ एका थेंबाहून थोडे अधिक. आतल्या पाण्याची वाफ वाढते ती निराळीच. पेन पूर्ण भरलेले असेल आणि हवा फक्त ०.२ मिलिलिटर असेल, तर तेवढ्याच उबेने थेंबाचा आठवा भागही बाहेर पडत नाही. जिभेच्या अंगावर कंगव्यासारखे दाते दिसतात ते अशी जादा शाई तात्पुरती धरून ठेवण्यासाठी असतात. पण त्यांनाही मर्यादा आहे.

गणितातून मिळालेले उपाय फुकटचे आहेत. ड्रॉपरचे पेन पाव भाग उरले की भरून घ्यावे. घाट चढताना किंवा विमानात पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे असावे, आणि निब वरच्या बाजूला ठेवावी. मग निबजवळ शाई नसून हवा असते आणि फुगलेली हवा मुकाट्याने निघून जाते. 'स्वस्त पेन गळते' असे म्हणून जी पेने टाकून दिली जातात, त्यांतली कितीतरी केवळ अर्धवट भरलेली असतात. दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांना बॉइल आणि चार्ल्स यांचे नियम शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

सोने कुठे आणि कागदाला काय टेकते?

महाग पेनच्या किमतीत सोन्याच्या निबचा मोठा वाटा असतो. १४ कॅरट म्हणजे २४ भागांपैकी १४ भाग सोने. पण निबमध्ये सोने असते एक ग्रॅमच्याही आत. शिवाय लिहिताना हे सोने कागदाला टेकतच नाही! सोने मऊ असते, कागदावर घासून ते लवकर झिजेल. म्हणून निबच्या टोकाला अतिशय कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो. पूर्वी त्यात ऑस्मियम आणि इरिडियम असे. पुढे रुथेनियम, टंगस्टन यांसारख्या धातूंची मिश्रणे आली. निबवर 'इरिडियम पॉइंट' असे कोरलेले असले तरी त्यात इरिडियम असेलच असे नाही. चांगल्या पोलादी निबच्या टोकालाही असाच मणी असतो. म्हणजे कागदाशी गाठ पडते ती दोन्हींकडे कठीण मण्याचीच.

मग सोने आले कशासाठी? जुन्या काळी शाई आम्लधर्मी होती आणि साधे पोलाद तिने गंजून जाई. सोन्यावर आम्लाचा परिणाम होत नाही, म्हणून त्या काळी सोन्याची निब ही चैन नव्हती, गरज होती. १९१३ साली इंग्लंडमधील शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले. पुढे निबा अशा पोलादाच्या होऊ लागल्या, शाईही सौम्य झाली आणि गरज संपली. सोन्याची निब थोडी लवचीक असू शकते, हे खरे. काहींना तो स्पर्श आवडतो आणि आवडीला किंमत देण्यात गैर काही नाही. मात्र आपण पैसे अक्षरासाठी देत आहोत की झळाळीसाठी, हे देणाऱ्याला ठाऊक असावे. उरलेली किंमत दांडीचा पदार्थ, त्यावरची कारागिरी, मर्यादित संख्या आणि नाव यांची असते. यातले काहीही शाईच्या वाटेत येत नाही.

आपल्या देशातली पेने या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी १९३०च्या दशकात स्वदेशी पेने घडवली. आजही आपल्याकडे काही कारागीर एबोनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराच्या दांड्या लेथवर कातून पेने करतात. एबोनाइटची जीभ शाईने चांगली भिजते, त्यामुळे प्रवाह सुरळीत राहतो. ड्रॉपरने भरण्याच्या पेनमध्ये पंप, दट्ट्या असे काही नसते. जितके भाग कमी तितकी बिघडण्याची कारणे कमी.

शाईची दौत

महाराष्ट्रात शाईचा इतिहास सांगताना दिगंबर परशुराम दांडेकर यांचे नाव घ्यावे लागते. १९३१ साली त्यांनी मुंबईत गिरगावात 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे 'कॅम्लिन' उभी राहिली. पूड पाण्यात कालवून दौत भरणे हा तेव्हा घरोघरचा उद्योग होता.

त्याआधीची एक शाई आजही वर्गात करून दाखवता येते. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळा. या काढ्यात टॅनिन असते. त्यात हिराकसाचे, म्हणजे फेरस सल्फेटचे द्रावण घाला. मिश्रण काळेनिळे होते. त्यात काडी बुडवून कागदावर रेघ ओढा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. हवेतल्या ऑक्सिजनमुळे लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन रेघ आणखी गडद झालेली असेल. ही शाई पेनमध्ये मात्र भरू नये. तिचा गाळ बारीक चिरा बुजवतो. चित्रकलेची जलरोधक काळी शाईही पेनमध्ये घालू नये. तिच्यातले काजळीचे कण आणि लाखेसारखे बांधून ठेवणारे पदार्थ एकदा वाळले की पाण्याने सुटत नाहीत.

पेनची साधी शाई म्हणजे पाणी, त्यात विरघळलेला रंग, वाळण्याचा वेग कमी करणारा ग्लायकॉलसारखा पदार्थ, पृष्ठताण बेताचा ठेवणारे द्रव्य आणि बुरशी रोखणारे औषध. रंग किती आहेत ते पाहायचे तर टिपकागदाच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटिमीटर उंचीवर काळ्या शाईचा ठिपका द्या आणि पट्टीचे टोक पाण्यात धरा. पाणी वर चढताना बऱ्याच काळ्या शाया निळ्या, जांभळ्या, पिवळ्या पट्ट्यांत फुटतात. एका दौतीत वर्गभराची करमणूक होते.

आता खर्चाचे बोलू. मधल्या जाडीच्या निबने एका मिलिलिटर शाईत वहीची साधारण बारा पाने होतात, असे आम्ही मोजून पाहिले. निब, कागद आणि हात यांप्रमाणे हा आकडा बदलेल, म्हणून प्रत्येकाने आपला आकडा स्वतः काढावा. या हिशोबाने ३० मिलिलिटरची दौत ३६० पाने पुरते. रोज दोन पाने लिहिणाऱ्याला ती सहा महिने जाते. छंदाच्या भरात सहा रंगांच्या सहा दौती घेतल्या, तर ती झाली तीन वर्षांची बेगमी! नवी दौत घेण्याचा मोह झाला की हे गणित आठवावे. मित्रांनी एकेक दौत घेऊन पाच-पाच मिलिलिटर वाटून घेतले, तर तेच सहा रंग प्रत्येकाला एका दौतीच्या खर्चात मिळतात.

कार्ट्रिजचाही विचार करावा. लहान आकाराच्या कार्ट्रिजमध्ये सुमारे ०.८ मिलिलिटर शाई असते. ३० मिलिलिटरची दौत म्हणजे अशी ३७ कार्ट्रिज. दुकानात दोन्हींच्या किमती विचाराव्या आणि भागाकार करावा. उत्तर सांगण्याची गरज नाही. रिकामे कार्ट्रिज धुऊन इंजेक्शनच्या नव्या सिरिंजने दौतीतल्या शाईने पुन्हा भरता येते. मुलांसाठी हे काम मोठ्यांनीच करावे आणि सुई जपून ठेवावी.

दोष पेनचा की कागदाचा?

शाई फुटते, मागच्या पानावर उमटते, अक्षराला केस फुटतात. या तक्रारींवर लोक नवे पेन आणतात. खरे तर यात दोष बहुधा कागदाचा असतो. कागद करताना त्यातल्या तंतूंना पाणी पटकन पिऊ न देणारी खळ दिलेली असते. ती कमी पडली की शाई तंतूंच्या वाटेने पसरते. टिपकागदाला अशी खळ देतच नाहीत, म्हणून तो शाई शोषतो.

शाई पसरण्याला नियम आहे. खडूचा एक लांब तुकडा उभा धरून त्याचे टोक पातळ केलेल्या शाईत बुडवा. १, ४ आणि ९ मिनिटांनी शाई किती चढली ते मोजा. अंतरे साधारण १ : २ : ३ या प्रमाणात मिळतील. अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वेळ चौपट केला तर अंतर दुप्पट होते. यावरूनच समजते की पेन एका जागी टेकवून ठेवले तर सुरुवातीच्या क्षणातच डाग झपाट्याने वाढतो. विचार करताना पेन कागदावर टेकवून ठेवू नये, हा गुरुजींचा धाकही शास्त्राला धरूनच होता म्हणायचा!

एकच पेन चार निरनिराळ्या वह्यांवर चालवून पाहावे. कितीदा तरी असे दिसेल की थोडा बरा कागद घेतल्याने जो फरक पडतो, तो दहापट महाग पेन घेऊनही पडत नाही. पानाच्या खालच्या भागात पेन अडखळत असेल तर तेही पेनचे नव्हे, तर हाताच्या तेलकटपणाचे लक्षण. तळव्याखाली टिपकागद ठेवावा.

पेन अडले तर आधी काय पाहावे?

नवे पेन लिहीत नाही : कारखान्यातला तेलकट थर निबवर किंवा जिभेवर राहिला असेल. तेलकट पृष्ठभाग शाई भिजवू शकत नाही. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवावे, मग साध्या पाण्याने निथळेपर्यंत खंगाळावे. उकळते पाणी वापरू नये.

जुने पेन लिहीत नाही : शाई वाळून चिरा बुजल्या असतील. निब-जीभ रात्रभर साध्या पाण्यात ठेवावी. कूपनलिकेचे पाणी जड असते आणि वाळल्यावर क्षार सोडते. शेवटचे खंगाळणे शक्य तर गाळणी यंत्राच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्याने करावे.

खरखरते : भिंगातून पाकळ्यांची पातळी पाहावी. वर-खाली असतील तर नखाने हळूहळू सारखी करावी. फरशीवर निब घासणे हा उपाय नव्हे. मणी एकदा घासला गेला की परत येत नाही.

थेंब टाकते : टाकीत हवा जास्त झाली आहे का, आटा नीट बसला आहे का, ते पाहावे. आट्यावर सिलिकोन ग्रीसचा पातळ हात फिरवला की ड्रॉपरच्या पेनची गळती बहुतेक थांबते.

दोन दिवसांत कोरडे पडते : टोपण घट्ट बसत नाही. येथे मात्र पेन-पेनमध्ये खरा फरक असतो आणि तो विकत घेतानाच पाहायला हवा.

विकत घेताना भिंग बरोबर न्यावे, आणि आपली वहीसुद्धा. पाकळ्या समपातळीत, फट मधोमध, टोपण घट्ट, निब आणि जीभ सुटी मिळण्याची सोय, एवढ्या गोष्टी जमल्या की त्यापुढचा प्रत्येक रुपया लिहिण्यासाठी नसून हौसेसाठी आहे, असे समजावे. हौसेला आमचा विरोध नाही. पहिले पेन वर्षभर वापरून, खोलून, धुऊन, त्याच्या खोडी ओळखून मग दुसरे घ्यावे, एवढीच आमची सूचना आहे. एव्हाना आपल्याला बारीक निब हवी की जाड, हे कळलेले असते आणि चुकीची खरेदी टळते.

राहता राहिले आमचे महाग पेन. शाळेतून घरी आल्यावर ते एकदाचे भिंगाखाली धरले. मण्याच्या दोन्ही अर्ध्या भागांच्या आतल्या कडा, म्हणजे फटीच्या तोंडाशीच, गरजेपेक्षा जास्त गोल घासल्या गेल्या होत्या. त्यामुळे टोक कागदाला टेकले तरी फटीतली शाई कागदापासून किंचित वर लोंबत राही. विक्रेत्याने ते परदेशी पाठवण्याचा सल्ला दिला होता. आम्ही ते आमच्या शहरातल्या एका वयस्कर पेन-दुरुस्तीवाल्यांकडे नेले. त्यांनी भिंगातून पाहिले, अतिशय बारीक घोटकागदावर निबने इंग्रजी आठाचे आकडे काढले आणि पेन परत दिले. त्याबद्दल घेतलेले पैसे त्या पेनच्या कार्ट्रिजच्या एका डबीपेक्षाही कमी होते. ते पेन आता चांगले लिहिते. त्या मुलाच्या पेनइतकेच.

पुढे त्या शाळेतल्या बाईंचे पत्र आले. प्रयोगशाळेच्या कपाटात त्यांनी एक भिंग, एक ड्रॉपर, टिपकागद आणि साबणाची लहान बाटली असा संच ठेवला आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास तो मुलगा इतरांची पेने पाहून देतो. पत्राचा पत्ता त्यानेच लिहिला होता, शाईने.